शांत दिसणारा गेम आणि शांत करणारा गेम

हेडफोन लावलेत? नसतील लावले तरी चालेल, कारण तुम्ही आत्ता हे ऐकत नाही, वाचताय. नेहमीप्रमाणे एपिसोड लिहून काढलाय. माझे 'म्हणजे ना' आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या गाळल्यात.

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. बरेच दिवस मेसेज येतायत, "ताई, डोकं शांत करणारे गेम सांग ना. अभ्यासाच्या मधे खेळता येतील, झोपायच्या आधी खेळता येतील असे." सांगते. नावंही देणार आहे. पण नुसती यादी देऊन उपयोग नाही, कारण मी स्वतः अशीच एक यादी बघून गेम डाउनलोड केला होता आणि सपशेल फसले होते. म्हणून आधी तो किस्सा, मग गेम.

मागच्या पावसाळ्यात आईच्या गळ्याजवळ एक गाठ दिसली. डॉक्टरांनी तपासणीसाठी नमुना घेतला आणि म्हणाले, रिपोर्टला आठ दिवस लागतील. आठ दिवस! दिवसा ऑफिस असायचं, लोकलची गर्दी असायची, वेळ निघून जायचा. रात्री मात्र काहीच नसायचं. अंथरुणावर पडलं की डोक्यात तेच चक्र सुरू. नेटवर काहीबाही वाचायचं, घाबरायचं, परत वाचायचं. दुसऱ्या रात्री मी ठरवलं की हे बंद, आता एखादा शांत गेम खेळायचा.

सापडला. तळं होतं, कमळं होती, मागे बासरी वाजत होती. माशांना खायला घालायचं, तळं सजवायचं. बघूनच बरं वाटलं. मग अर्ध्या तासात कळलं की मासे वाढवायला मोती लागतात, मोती संपले की ४ तास थांबायचं किंवा पैसे भरायचे. रोज आलात तर बक्षीस, एक दिवस चुकलात की साखळी तुटली. तिसऱ्या रात्री डोळा लागतच होता, तेवढ्यात फोन वाजला. दीड वाजले होते. मेसेज होता, "तुमचे मासे उपाशी आहेत."

आणि मी उठले! उठून त्या माशांना खायला घातलं. आईचा रिपोर्ट यायचाय, आणि मी रात्री दीड वाजता नसलेल्या माशांच्या भुकेची काळजी करतेय.

दुसऱ्या दिवशी मावसभाऊ घरी आला होता, इंजिनीअरिंगला आहे. त्याला दाखवलं तर हसला. म्हणाला, "ताई, हा गेम शांत दिसतो फक्त. शांत करत नाही." आजचा सगळा एपिसोड ह्या एका वाक्यावर आहे.

एकच गेम, दोन नियम

त्याने माझ्या फोनमध्ये टाकून दिला 'आल्टोज ओडिसी'. तुमच्यातल्या कित्येकांनी खेळला असेल. कॅनडातल्या टोरांटोच्या 'स्नोमॅन' ह्या छोट्या स्टुडिओचा गेम, २०१८ चा. त्याच्या आधीचा 'आल्टोज अ‍ॅडव्हेंचर' २०१५ चा. पहिल्यात बर्फाचे डोंगर, दुसऱ्यात वाळवंट. आल्टो नावाचा मुलगा फळीवर उभा राहून उतारावरून घसरत जातो. तुम्ही करायचं एवढंच की स्क्रीनला बोट लावलं की उडी, बोट दाबून धरलं की हवेत कोलांटी. बास! दुसरं बटणच नाही. मागे आकाश बदलत राहतं. पहाट होते, ऊन चढतं, संध्याकाळ होते, पाऊस येतो, चांदणं पडतं. वाटेत गरम हवेचे फुगे तरंगत असतात.

दिसायला सुंदर आहेच. पण गंमत पुढे आहे. हाच गेम दोन तऱ्हांनी खेळता येतो. साध्या मोडमध्ये नाणी गोळा करायची, दिलेली कामं पुरी करायची, दगडाला अडखळून पडलात की खेळ खलास. स्कोअर समोर येतो आणि लगेच वाटतं, अरे, मागच्या वेळी ह्याच्यापेक्षा जास्त झाला होता! पुन्हा एकदा. पुन्हा एकदा.

दुसरा आहे झेन मोड. त्यात स्कोअर नाही, नाणी नाहीत, कामं नाहीत. आणि आल्टो पडला तर? उठतो, फळीवर उभा राहतो, पुढे निघतो. 'तुम्ही हरलात' असं कोणी म्हणत नाही.

आता बघा, वाळवंट तेच, सूर्यास्त तोच, आल्टोही तोच. फक्त पडण्याची शिक्षा काढून टाकली. तेवढ्याने माझ्या हातांत फरक पडला, अगदी खरं सांगते. साध्या मोडमध्ये फोन घट्ट धरलेला असायचा, खांदे वर चढलेले. झेनमध्ये पाच मिनिटांनी लक्षात यायचं की खांदे खाली आलेत.

म्हणजे शांतता चित्रात नाही, नियमात आहे. बासरी आणि कमळं कोणीही लावेल. आपण चुकल्यावर गेम काय करतो, ते बघायचं.

मुंबईची लोकल, पण घाम न येता

दुसरं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. 'मिनी मेट्रो' नावाचा गेम आहे, न्यूझीलंडच्या 'डायनोसॉर पोलो क्लब' ह्या स्टुडिओचा. कॉम्प्युटरवर २०१५ मध्ये आला, फोनवर २०१६ मध्ये. पांढऱ्या पडद्यावर स्टेशनं उगवतात. गोल, त्रिकोण, चौकोन. प्रवासीसुद्धा तसेच छोटे गोल, त्रिकोण, चौकोन. त्रिकोणी प्रवाशाला त्रिकोणी स्टेशनात जायचंय. तुम्ही बोटाने रेषा ओढून स्टेशनं जोडायची. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क अशी खरीखुरी शहरं आहेत, आणि त्यांत मुंबईसुद्धा आहे.

मी डोंबिवलीची. रोज सकाळी लोकलला लटकणारी. मला वाटलं, मुंबईचा नकाशा आपल्याला काय नवीन! साध्या मोडमध्ये खेळायला बसले. एका स्टेशनात गर्दी साचली, दुसऱ्यात साचली, स्टेशनाभोवती गोल भरत जायला लागला. तो पूर्ण भरला की खेळ संपतो. आणि माझ्या छातीत तीच धडधड, जी सकाळी 'गाडी उशिराने धावत आहे' ऐकल्यावर होते. म्हटलं, हे मी रोज फुकट अनुभवते, त्यासाठी गेम कशाला हवा?

मग त्यातला अखंड चालणारा मोड सापडला, 'एंडलेस'. त्यात गर्दी झाली म्हणून खेळ बंद पडत नाही. स्टेशनं येत राहतात, प्रवासी थांबतात, तुम्ही सावकाश रेषा इकडची तिकडे करता. एखादा चौकोनी प्रवासी बिचारा ताटकळतो, पण जाईल, आज ना उद्या जाईल. नकाशा तोच मुंबईचा, पण आता तो सोडवताना मजा येते.

ह्या गेमचा आवाज हेडफोन लावून ऐकाच. संगीत 'डिझास्टरपीस' ह्या नावाने काम करणाऱ्या संगीतकाराचं आहे, पण ठरलेलं गाणं वाजत नाही. तुमच्या गाड्या, तुमची स्टेशनं, तुमचे प्रवासी ह्यांच्या हालचालीतून सूर तयार होतात. तुम्ही रेषा बदलली की आवाजाची वीणही बदलते. म्हणजे संगीत तुम्हाला ढकलत नाही, तुमच्यामागून चालतं. पळापळीच्या गेम्समध्ये बरोबर उलटं असतं. वेळ संपत आली की ठेका वाढतो आणि त्याच्याबरोबर आपणही घाई करायला लागतो.

मग सगळ्यात सोपा गेम सगळ्यात चांगला का?

इथे तुम्ही म्हणाल, हरायचं नाही, घाई नाही, मग नुसते रील्सच बघितले तर काय वाईट? त्यात तर काहीच करावं लागत नाही.

नेमकी तीच अडचण आहे. हात चालतो, मन रिकामं राहतं, आणि रिकाम्या मनात काळजी घुसते. माझ्या त्या आठ दिवसांत रील्सवर अंगठा फिरत असायचा आणि डोक्यात रिपोर्टच असायचा. शंभर रील्स बघून एकही आठवायचा नाही.

ह्यावर एक छान प्रयोग झालाय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या केट स्वीनी ह्या मानसशास्त्रज्ञ निकालाची वाट बघणाऱ्या माणसांचा अभ्यास करतात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३०० कॉलेजच्या मुलामुलींना सांगितलं की बाकीचे विद्यार्थी तुमच्या दिसण्याला मार्क देणार आहेत, निकालासाठी जरा थांबा. विचार करा, काय धाकधूक झाली असेल! थांबण्याच्या वेळात त्यांना टेट्रिस खेळायला दिलं. हो, तेच वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचं, अलेक्सी पाजितनोव ह्यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत बनवलेलं टेट्रिस. काहींना फार सोपं, काहींना फार अवघड, आणि काहींना असं की खेळणाऱ्याच्या कुवतीप्रमाणे वेग आपोआप कमीजास्त होईल. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुवतीप्रमाणे बदलणारं टेट्रिस ज्यांना मिळालं, ते खेळात जास्त रमले आणि त्यांचा वाट बघण्याचा वेळ त्यातल्या त्यात बरा गेला. फार सोप्या खेळात मन कंटाळून भटकतं, फार अवघड खेळात वैतागतं.

अशा रमण्याला मानसशास्त्रात 'फ्लो' म्हणतात. मिहाय चिक्सेंटमिहाय ह्यांनी ही कल्पना मांडली, त्यांचं ह्याच नावाचं पुस्तक १९९० मध्ये आलं. आपल्याकडे आजी वाती वळताना, निवांत बसून तांदूळ निवडताना जी तंद्री लागलेली दिसते ना, तीच ती. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, चुकलं तरी जगबुडी नाही. झेन मोडमध्येही दगड असतात, दऱ्या असतात, उडी वेळेवर मारावी लागतेच. लक्ष लागतं. फक्त चुकीची शिक्षा नाही. लक्ष हवं पण भीती नको, हे मिश्रण आपल्याला हवंय.

अभ्यासाच्या मधे कोणता?

आता फोकसचा प्रश्न. परीक्षा देणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. सोफी लरॉय ह्या संशोधिकेने २००९ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. हे ऑफिसच्या कामांबद्दल होतं, पण मला ते ब्रेकमधल्या गेमलाही लागू वाटतं. दहा मिनिटांच्या ब्रेकमध्ये लेव्हल अर्धी सोडून पुस्तकाकडे आलात, तर पुस्तकासमोर बसतं शरीर. मन तिकडेच, त्या लेव्हलमध्ये.

म्हणून ब्रेकसाठी असा गेम घ्या की जो कुठेही तोडता येतो. मला त्यासाठी 'टाउनस्केपर' आवडतो. ऑस्कर स्टॉलबर्ग ह्या स्वीडिश माणसाने बनवलाय, २०२१ मध्ये पूर्ण रूपात आला. समोर समुद्र. बोट टेकवलं की डुबुक असा आवाज येतो आणि एक घर उभं राहतं. शेजारी टेकवलं की घर लांब होतं, वर टेकवलं की मजला चढतो. मधेच आपोआप कमान तयार होते, जिना येतो, अंगण बंद झालं की बाग उगवते. ध्येय नाही, पैसे नाहीत, लेव्हल नाही. पंधरा मिनिटांत कंटाळा येतो आणि फोन आपोआप खाली ठेवला जातो. ब्रेकसाठी हा कंटाळा फार कामाचा! जो गेम स्वतःहून सोडवतो, तोच अभ्यासाच्या मधे चालतो.

उलट उदाहरण देते, म्हणजे नीट कळेल. 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन ह्या एकट्या माणसाने साडेचार वर्षं खपून बनवलेला, २०१६ चा शेतीचा गेम. मला प्रचंड आवडतो. सगळ्या 'शांत गेम्स'च्या याद्यांमध्ये असतो. पण त्यात एक दिवस साधारण १४ मिनिटांचा असतो, आणि घड्याळ सारखं पळत असतं. पिकाला पाणी घालायचंय, दुकान बंद व्हायच्या आत पोचायचंय, आणि दिवस संपला की वाटतं, उद्या भोपळा तयार होणार, एकच दिवस अजून खेळूया. असे 'एकच दिवस' चार झाले की तास गेला. रविवारी दुपारी लोळत खेळायला एक नंबर. परीक्षेच्या आदल्या रात्री दहा मिनिटांसाठी? अजिबात नको. गेम वाईट नाही, वेळ चुकीची आहे.

आणि एक गोष्ट, जी सांगायला मला थोडं जड जातंय

सहाव्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून आल्टो खेळत होते. आई पाणी प्यायला आली. माझ्या शेजारी स्टुलावर बसली. म्हणाली, "झोप येत नाही का गं?" मी फोनवरून नजर न हटवता म्हटलं, "येईल. तू झोप जा. काही होत नाही." ती थोडा वेळ बसली, स्क्रीनकडे बघत. मग म्हणाली, "किती वेळ घसरतो हा?" मी म्हटलं, "कितीही." ती उठून गेली.

दहा मिनिटांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई पाणी प्यायला आलीच नव्हती. तांब्या तिच्या उशाशी असतो.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये जवळजवळ ३९,००० खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सात वेगवेगळे गेम, आणि खेळण्याच्या वेळेची नोंद थेट गेम कंपन्यांकडून घेतलेली. निष्कर्ष असा की किती तास खेळलात, ह्याचा मनाच्या बरेवाईटपणाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो कशासाठी खेळलात ह्याच्याशी. आवडतं म्हणून खेळणारे जास्त बरे होते. आतून कसलीतरी ढकल लागते म्हणून खेळणारे तितके बरे नव्हते.

मी तेव्हा हा अभ्यास वाचला नव्हता. पण त्या रात्री मला कळलं की पहिल्या दिवशी मी श्वास घ्यायला म्हणून गेम उघडला होता, आणि सहाव्या रात्री आईचा चेहरा बघावा लागू नये म्हणून. गेम तोच, झेन मोडच! पण खेळण्याचं कारण बदललं होतं. हे मात्र कुठलाही स्टुडिओ तुमच्यासाठी ठरवू शकत नाही.

सातव्या रात्री मी फोन आतल्या खोलीत ठेवला आणि साडेअकराला चहा टाकला. वास आला तशी आई आलीच. मग ती बोलली. बाबांच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात, सोसायटीचा मेंटेनन्स कोणत्या तारखेला भरायचा, आणि मग एकदम, "मला भीती वाटतेय गं." मी म्हटलं, "मलाही." चहा गार झाला तसाच.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. गाठ साधी होती. गेमने रिपोर्ट बदलला नाही हे उघड आहे. त्याने मला मधल्या काही रात्री झोप दिली, आणि ते काही कमी नाही. पण चहाचं काम त्याला जमलं नसतं.

जाता जाता

तर नवीन गेम टाकलात की पहिल्या दहा मिनिटांत स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला, मी चुकले तर हा काय करतो? शिक्षा की 'चल, पुढे'?

दुसरा, मी आत्ता बंद केला तर काही बिघडतं का? साखळी तुटते, पीक वाळतं, मासे उपाशी राहतात? तर मग तो तुमचा आराम नाही, तुमची ड्युटी आहे.

तिसरा, हा मला हाक मारतो का? शांत गेमला तुम्ही बोलवायचं असतं, त्याने तुम्हाला नाही. नोटिफिकेशन लगेच बंद करा. मधेमधे जाहिराती येत असतील तर सगळी तंद्री मोडते, तेही बघून घ्या.

चौथा प्रश्न गेमला नाही, स्वतःला. आत्ता मी हा कशासाठी उघडतेय?

आणि नावं हवी होती ना? मनातलं चक्र थांबवायला आल्टोचा झेन मोड. डोकं हळूहळू कामाला लावायला मिनी मेट्रोचा एंडलेस मोड. दहा मिनिटांच्या ब्रेकला टाउनस्केपर. चौथं नाव माझ्याकडून, 'मॉन्युमेंट व्हॅली'. लंडनच्या 'अस्टू' स्टुडिओचा, २०१४ चा. इडा नावाच्या राजकन्येला अशक्य जिन्यांवरून आणि फिरत्या मनोऱ्यांवरून न्यायचं. घड्याळ नाही, घाई नाही, आणि मुख्य म्हणजे दहा प्रकरणांत संपतो. संपणारा गेम! एका पावसाळी शनिवारी संपवा आणि निवांत झोपा.

तुमच्याकडे असा कुठला गेम असेल तर नक्की कळवा, पण वरचे चार प्रश्न विचारून मग. मासे पाळायला लावणारे नकोत, मी आत्ताच सांगतेय.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या. आणि शेजारी कोणी पाणी प्यायला येऊन बसलं, तर फोन जरा बाजूला ठेवा.